लाल ठिपका

बँकेतून चिल्लरच्या गुंडाळ्या आणायच्या, जेवणाच्या टेबलावर ओतायच्या आणि त्यात जुनी, दुर्मीळ नाणी शोधायची, हा नवराबायकोचा वर्षानुवर्षांचा नाद. तपासून झालेलं साधं नाणं ती नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन परत बँकेत धाडायची; फिरून आलं तर पुन्हा बघायला नको. ती गेल्यावर आज पहिल्यांदाच त्याने गुंडाळ्या फोडल्या आणि त्यात तिचे ठिपके निघाले. चष्मा आणायला तो आत गेला. येऊन बघतो तर मुलगा थिनरच्या बोळ्याने नाणी पुसतोय. “कुणाला विचारून हात लावलास?” “अहो बाबा, हल्ली रंग लागलेली चिल्लर बँकवाले घेत नाहीत. उगाच कटकट. हे बघा काय सापडलंय, चांदीचं!” “चुलीत घाल तुझी चांदी!” त्याने बोळा हिसकावून भिरकावला. “आईचा हात होता तो, गाढवा! बघ, एखादा ठिपका राहिलाय का. नीट बघ.”