दोरीवरचा राउटर

समजा, मुलांनो, तुम्ही शाळेतून घरी आलात आणि दोरीवर बाबांच्या सदऱ्याशेजारी चिमटे लावून राउटर वाळत घातलेला दिसला, तर? चिमी दारातच थबकली. बाबांनी सकाळीच तो रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त केलेला, आणला होता. अर्ध्या तासाने ताईची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. “आजी, हे काय?” “अगं, कुणाच्या घरातून आलेली वस्तू, देव जाणे! साबणाने लख्ख धुतली.” चिमीने कपाळावर हात मारला. “आता वाळेपर्यंत लावता येणार नाही!” आजीचा चेहरा पडला. “मग ताईचं कसं गं?” आतून ताई ओरडली, “चिमे, वाय-फाय लागलं का?” “लावतेय!” म्हणत चिमी शेजारच्या काकूंकडे धावली. “काकू, तासभर तुमचं वाय-फाय द्याल?” “का गं? तुम्ही राउटर आणला ना?” “आणला,” चिमी धापा टाकत म्हणाली, “पण अजून ओला आहे.”