माशांनी सोडलेली जागा

दादा गेल्या वर्षी प्रवाळांजवळ बुडाला, तो सापडलाच नाही. आज तिथेच किनाऱ्यावरून उतरून मी माशांच्या घोळक्याचे फोटो काढले.

घरी वहिनीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "भावजी, माशांनी इथे वाट कुणाला दिलीय?"

पाणबुड्या मधून गेला की घोळका फाकतो, तसा तो फाकला होता. पण पाण्यात मी एकटाच होतो, तोही कॅमेऱ्यामागे.

मधली पोकळी माणसाएवढी होती. डावा पाय जरा वाकडा.

"ह्यांचा पाय असाच पडायचा," वहिनी म्हणाली.

पुढच्या प्रत्येक फोटोत पोकळी मोठी होत गेली, म्हणजे जवळ येत गेली. शेवटच्या फोटोत एकही मासा नव्हता.

वहिनी माझ्या मागच्या दाराकडे बघत होती.

"भावजी, पाण्यातून वर एकटेच आलात ना?"