पंख्याचं बटण

ब्रश बटणावरून फिरला आणि पावडरबाई आणखी जवळ वाकली.

बटण पंख्याचं होतं. त्यावर बोटाच्या रेषा उमटायला हव्या होत्या, अर्ध्यामुर्ध्या का होईना. उमटला तो एक फरकटलेला डाग, आणि त्यात बारीक जाळी. रबरी हातमोज्याच्या टोकाला असते तशी. ती जाळी आत्ताही तिच्या बोटावर होती.

ठसे घेणं हे तिचं काम. पोलीस ठाण्यात सगळे तिला पाठीमागे पावडरबाई म्हणायचे आणि समोर मॅडम. दरारा असा की भले भले अधिकारी तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. फोटो निघेपर्यंत खोलीतली टाचणीसुद्धा हलवायची नाही, हे तिचं पालुपद. दाराबाहेर उभा असलेला हवालदार तर चांगलाच पोळलेला होता. मागे एकदा त्याने नको तिथे कडीला हात लावला, तर बाईने थेट वर कळवून त्याची बढती अडकवली होती.

आणि आज आत आल्या आल्या, फोटोवाला अजून जिना चढत होता तोवर, तिने पंखा बंद केला होता. वाऱ्याने पावडर उडते म्हणून. वर्षानुवर्षांची सवय, हात आपसूक गेला. गेला तो गेला, लक्षातही राहिला नाही.

आरामखुर्चीत म्हातारे होते. मान एका अंगाला कललेली, उशी खाली पडलेली. एवढ्यावर पोलीस आलेही नसते. पण सकाळी सासऱ्याचं आणि सुनेचं वाजलेलं शेजारणीने भिंतीपलीकडून ऐकलं होतं, आणि तिच्या पोटात काही राहत नव्हतं. सून सांगत होती की गोळ्या दिल्या, उशी पाठीशी लावली, पंखा लावला आणि बाहेरून कुलूप घालून औषधं आणायला गेले. आले तर बाबा गेलेले.

तपास करणारे साहेब बाईच्या नंतर आले होते. त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

"पंखा लावून गेलात म्हणता. मग बंद कोणी केला? हे तर खुर्चीतून उठू शकत नव्हते."

सूनही वर बघू लागली. परत आल्यावर पंख्याकडे बघायचं भान कुठे होतं तिला? साहेब पावडरबाईकडे वळले आणि बटणावर काय मिळालं ते विचारलं.

"ठसा नाही, साहेब," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, आणि तेवढ्याचाच तिने आधार घेतला.

"पुसलंय?"

"तसं दिसतंय."

हे मात्र खोटं होतं. साहेब खूश झाले. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, पंखा बंद, बटण पुसलेलं, असा हिशेब त्यांनी सुनेसमोर मांडला आणि ठाण्यात चला म्हणाले. सून म्हणाली, मुलीला शाळेतून आणायचंय. साहेब म्हणाले, बघू.

आत्ता बोलावं, असं पावडरबाईच्या मनात शंभरदा आलं. पण जीभ रेटेना. हवालदार बघत होता. ती उगाच ब्रश झटकत राहिली. लाज वाटत होती, आणि एवढी लाज वाटूनही आपण गप्पच आहोत याची आणखी वाटत होती.

सून आता जमिनीकडे बघत स्वतःशीच काहीतरी जुळवत होती. भांडून निघाले होते ना मी. घराबाहेर पडताना दिवे बंद करायची सवय आहे, म्हणजे तसाच पंखाही...

"मीच बंद केला असेल, साहेब," ती म्हणाली. "रागात होते मी. एवढ्या उकाड्यात बाबांना तसंच टाकून गेले असेन. माझ्यामुळे गेले ते."

साहेबांनी हवालदाराला खूण केली.

"पंखा मी बंद केला," पावडरबाई म्हणाली.

कधी, म्हणून साहेबांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. आल्या आल्या, फोटोच्या आधी, आणि डाग आपल्याच हातमोज्याचा आहे हेही. सांगताना ती हवालदाराकडे बघत होती. तो हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने मान खाली घातली. साहेब फोन घेऊन बाहेर गेले.

सून उठून तिच्याजवळ आली.

"म्हणजे तुम्ही आलात तेव्हा चालू होता?"

"चालू होता. जोरात."

"बाबांना वारा लागत होता?"

"लागत होता," पावडरबाई म्हणाली, आणि तिला आता आठवलं. "केस उडत होते त्यांचे."

सुनेने तिचा हात ओढून घेतला, हातमोज्यासकट, काळ्या पावडरीसकट, आणि गालाशी धरून ती पहिल्यांदा रडली. बरं झालं ताई, तुम्ही होतात, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पावडरबाईला हात सोडवून घ्यायचा होता, पण घेता येईना.

शेवटी सुनेनेच तो सोडला. तिच्या ओल्या गालावर ती जाळी उमटली होती, काळी, एकेक चौकट मोजता येईल इतकी स्पष्ट.