आधी कुणाचं नाव

मुलगा रुसून बंगळूरला गेला, तो परतलाच नाही. वडील दोन वर्षांमागं वारले, एवढं त्याला कळावं, म्हणून रत्नव्वा सोमवारचा उपास धरून शाहूपुरीतल्या नेट कॅफेत आली. कॅफेवाल्यानं मुलाचं, मग वडिलांचं नाव टाकलं: ‘शिवकुमार बसाप्पा’. पडद्यावर तान्ह्या बाळाचा फोटो आला. “ह्यो तुमचा न्हाय, मावशी. खाली ‘बसाप्पा शिवकुमार’ लिवलंय. कॉम्प्युटरला उलटंसुलटं सगळं एकच की!” तो फोटो बंद करू लागला. “थांब, बाबा.” विभूती लावलेल्या बाळाची हनुवटी थेट बसाप्पांची होती. त्यांच्यात आजोबा हयात असताना नातवाला त्यांचं नाव ठेवत नसत. म्हणजे शिवकुमारला बाप गेल्याचं कळलं होतं. कळूनही आला नव्हता. तिनं बोट काचेवरच्या इवल्या कपाळाला टेकवलं. “आणखी हुडकू का, मावशी?” “नगं,” ती पुटपुटली. “त्याला सांगायचं आता काय राहिलंच न्हाय.”