लगेच नको असलेले उत्तर

लेनोरा व्हिझनंटच्या पत्राला एम्मेट प्रुइटनी अजून उत्तर दिले नव्हते, म्हणून तिच्या स्पर्धेला आले तरी ते गर्दीच्या सगळ्यात मागे, टोपी डोळ्यांवर ओढून उभे होते.

पत्र छोटेच होते. लेनोराला गोड्या पाण्यातले बास मासे गळाने पकडायच्या स्पर्धा खेळूनच पोट भरायचे होते. एका कॉलेजाने तिला आपल्या मासेमारीच्या संघात घेतलेही होते. फक्त पदवी कशात घेणार ते पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचे होते. वडील म्हणत होते व्यापार शीक, प्रशिक्षक म्हणत होते मत्स्यशास्त्र. चुकले तर चार वर्षे पाण्यात जातील, आणि तीही नको त्या पाण्यात, असे तिने लिहिले होते. शेवटी होते, 'बाकीचे सगळे विचारायच्या आधीच सांगतात. तुम्ही लगेच उत्तर देत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.'

प्रुइटनी लेनोराच्या शाळेच्या ग्रंथालयात उभा जन्म काढला होता, पण गळ कधी हातात धरला नव्हता. पत्र आल्यापासून त्यांनी माशांवरची मिळतील ती पुस्तके आणि मासिके वाचली. ज्यातले आपल्याला ओ की ठो कळत नाही त्यात एका मुलीला वाट दाखवायची, या विचाराने प्रत्येक मसुदा केराच्या टोपलीत गेला.

तळ्याकाठच्या मंचावर मासे तोलणे चालू होते. मुले पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून जिवंत बास आणत, काट्यावर ठेवत आणि पुन्हा तळ्यात सोडत. पहिल्या दिवसअखेर लेनोराची पिशवी सगळ्यांत जड भरली. निवेदकाने तिच्यापुढे माइक धरला आणि मासे कुठे, कशावर लागले ते विचारले.

हा प्रश्न विचारायचा असतो, त्याचे उत्तर द्यायचे नसते. 'तिकडे कुठेतरी, हिरव्या कशावर तरी' असे म्हणून हसायचे आणि खाली उतरायचे, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याच तळ्यात उतरायचे असते.

लेनोराने सांगून टाकले.

"प्रुइट सरांच्या घरामागे तळ्याचं पाणी आत शिरलंय ना, त्या खाडीत. त्यांच्या धक्क्याच्या डावीकडे पाणगवताची गादी आहे ना, तिच्या खाली. गळाचा रबरी बेडूक गादीवर टाकायचा आणि मग काहीच करायचं नाही. तुम्ही सगळे ओढायची घाई करता. बास भूक लागली म्हणून येत नाही. आपल्या छपरावर कोणीतरी नुसतं बसून राहिलंय, हे त्याला सहन होत नाही. शेवटी वैतागून वर येतो."

 सगळेच एकदम हसले. दोन मुले तिथल्या तिथे बेडूक शोधायला आपल्या होडीकडे पळाली.

मंचाखाली तिचे वडील डुएन कपाळाला हात लावून उभे होते. "आता नकाशाही छापून वाट," ते म्हणाले. "पोरीला बोलता येत नाही असं नाही, थांबता येत नाही."

"पण डॅडी, ते चुकीचं करत होते," लेनोरा म्हणाली.

मागे प्रुइटनी टोपी काढून हातात घेतली होती. आपल्या घरामागे असे कोणी राहते याचा त्यांना पत्ताच नव्हता. पण दारात कोणी येऊन नुसते बसून राहिले की कसे होते, ते त्यांना फार चांगले ठाऊक होते. इतकी पुस्तके वाचून जो मासा कळला नव्हता, तो आत्ता एका दमात कळला होता.

लेनोरा त्यांना हेरून थेट त्यांच्यापाशी आली.

"सर, लगेच उत्तर नको होतं मला. मी म्हातारी झाल्यावर द्या, असं नव्हतं म्हटलं."

प्रुइटचे कान लाल झाले. उद्या आपल्या दाराशी बऱ्याच होड्या येतील असे दिसते, एवढेच ते पुटपुटले.

"मग पडदे ओढून बसा," ती म्हणाली. "फक्त वैतागून वर येऊ नका."

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिले, 'प्रिय लेनोरा, शिक्षिका होण्याची पदवी घे. मासे तुला कळतातच. मी वाचले त्यावरून दिसते की, या खेळात जे टिकतात त्यांना नुसते मासे पोसत नाहीत, त्यांच्याकडून शिकायला येणारी माणसे पोसतात. काल कोणी विचारले असते तर मला हे सांगता आले नसते. आज तू मला बास समजावून दिलास. मला समजला, म्हणजे कोणालाही समजेल.'

सकाळी त्यांनी पाकीट फाटकाजवळच्या पत्रपेटीत ठेवले आणि पोस्टमनला दिसावे म्हणून तिचे लाल निशाण वर केले. चार पावले गेले आणि थांबले. शिक्षिका. भलतेच तर नाही ना सुचवले? तिने ते खरेच ऐकले तर? ते परत आले. निशाण खाली ओढायला हात वर गेला.

घरामागची खाडी होड्यांनी गच्च भरली होती, तरी आवाज कसला तो नव्हता. एकेका गवताच्या गादीवर एकेक रबरी बेडूक बसला होता, आणि सगळे गळवाले श्वास रोखून काहीही न करता उभे होते.

पाण्यावरून लेनोराचा आवाज आला. ती शेजारच्या होडीला दटावत होती.

"हलवू नका म्हणते ना. आहे तिथं राहू द्या."

प्रुइटचा हात निशाणावरच थांबला. वळणावर पोस्टमनची गाडी दिसली. त्यांनी हात हळूच मागे घेतला आणि खिशात घातला.