हद्दीबाहेरचे दोन तास

आदिनाथनं छापलेला नकाशा टेबलावर पसरला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"रोज दुपारी दोन ते चार. इथं काय करता तुम्ही?"

योगिनी सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. आरोग्य केंद्रातल्या प्रत्येकाला सरकारी फोन मिळाला होता. फोन जिथं जाईल तिथली खूण वरच्या ऑफिसात उमटायची. योगिनीला नेमून दिलेली हद्द पुंडलिकनगरची. पण गेले चार महिने तिची रेघ रोज गारखेड्याच्या पार पलीकडं, माळावर जाऊन थांबत होती.

"सर, माझं घरी जरा..."

आदिनाथ आरोग्य खात्याचा नव्हता. तो पाणी नियोजनातला कनिष्ठ अभियंता. उन्हाळ्याच्या आत कुठल्या वस्तीला किती पाणी लागेल, याचा आराखडा त्याच्याकडं होता. त्याची पाहणी त्याच बाजूला चालली होती, म्हणून आरोग्य खात्याच्या साहेबांनी त्याला जाता जाता बघून यायला सांगितलं होतं. सिस्टर कामचुकार निघाल्या, तर नोटीस तयारच होती.

"काल संध्याकाळी मी तिथं जाऊन आलो," तो म्हणाला.

योगिनीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"बासष्ट घरं आहेत, सिस्टर. सगळी धनगरांची. आमच्या एकाही यादीत नाहीत."

टेकाडाआड पत्र्याची घरं होती. बायका दोन किलोमीटरवरच्या विहिरीतून पाणी वाहत होत्या. ते गढूळ पाणी पिऊन गेल्या पावसाळ्यात दोन लेकरं जुलाबानं गेली होती. वस्तीतल्या लोकांनी तीनदा अर्ज दिले होते. बघायला कोणी फिरकलं नव्हतं.

"तुमच्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या सारजामावशी तिथंच राहतात. मी त्यांना विचारलं, सिस्टर रोज येतात का इथं? तर त्या म्हणाल्या, 'साहेब, त्या नसत्या तर तुम्ही आला असता व्हय हितं?'"

"मावशी असं म्हणाल्या?"

"कोणाचा हुकूम नाही, कोणी बघत नाही, तरी उन्हातानात रोज दोन तास तिथं जायचं. सिस्टर, खरंच हात जोडतो तुम्हाला."

"सर, मी काही केलेलं नाही."

"काम करणारी माणसं असंच म्हणतात," आदिनाथ हसला आणि नकाशाची घडी घालून निघाला.

नोटीस बारगळली. आदिनाथनं वस्ती आराखड्यात घातली. या टेबलावरून त्या टेबलावर फाईल त्यानं स्वतः नेली. मार्च संपता संपता माळावर पाइप पोचला आणि वस्तीच्या मधोमध चार तोट्यांचा नळ उभा राहिला.

पाणी सुटायच्या दिवशी योगिनीला बोलावणं आलं. चढावर ती दोनदा घसरली. सारजाबाईंनी तिचा हात धरला आणि नळापर्यंत नेलं.

तोटी सोडली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं आणि मग स्वच्छ धार लागली. बायका नुसत्या बघत राहिल्या. ज्यांची लेकरं गेली होती, त्यांतली एकजण धारेखाली ओंजळ धरून तशीच उभी राहिली.

वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर धोंडिबांनी योगिनीच्या खांद्यावर नवं घोंगडं टाकलं. "पोरी, तुझ्या पायानं पानी आलं. लई पुण्य लागंल तुला."

योगिनीचे डोळे भरून आले. आदिनाथनं तिच्या वतीनं चार शब्द बोलून घेतले. मग ती लेकरांत जाऊन बसली. प्रत्येकाचं वजन, लसीचं कार्ड, डोळे बघत तिनं दुपार काढली आणि दर बुधवारी येईन, असं आयांना कबूल केलं.

गर्दी पांगल्यावर ती सारजाबाईंना घेऊन त्यांच्या घराच्या मागं गेली.

"मावशी, माझे वडील आता काठी धरून चालतात. लकवा झाल्यावर दुपारी त्यांच्यापाशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. माझा फोन घेऊन तुम्ही फिरलात, म्हणून माझी नोकरी राहिली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"फिटलं की," सारजाबाई म्हणाल्या.

"आज पहिल्यांदा पाहिली मी ही वस्ती. सगळे माझ्या पाया पडत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी, मी तुम्हाला पुंडलिकनगरच्या गल्ल्यांतच फिरायला सांगितलं होतं ना? चुकून फोन इकडं आणत होता तुम्ही. मी धरली गेले असते तर?"

सारजाबाईंनी तिच्या खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"चुकून नाय आनला, सिस्टर. आमी बोलावून कोनी साहेब आला नाय. म्हनलं, तुमाला धराया तरी यील."