सुलट ओळ, उलट ओळ

माझा नि धाकट्या जावेचा अबोला होता. तरी सुनेच्या होणाऱ्या बाळासाठी रंगीबेरंगी नक्षीचं ब्लँकेट दोघींनी विणायला घेतलं. निम्मं मी माझ्या खोलीत, निम्मं तिनं तिच्या. जोडायला पलंगावर मांडलं, तर तिचं वीतभर रुंद भरलं. "जाऊबाईंचा हात पहिल्यापासून आवळ," ती सुनेला म्हणाली. "हिचा सैल, जिभेसारखाच," मीही सुनेलाच सांगितलं. सुनेनं पोट सावरत दोन्ही तुकडे उसवले. "आता सुयांची एकच जोडी. सुलट ओळ आईंनी, उलट काकूंनी. बाळ तुमच्या रुसव्यासाठी थांबणार नाही." बसलो मांडीला मांडी लावून. माझी आवळ ओळ तिच्या सैल ओळीनं सावरली, नक्षी सपाट उतरली. आता ब्लँकेटच्या एका टोकाला बाळ झोपतं, दुसऱ्या टोकाला आम्ही विणतो. "टाके कधी बंद करणार?" सून विचारते. जाऊ हसते, मी नवा रंग जोडते.